प्रश्नावलीतलं वाक्य

ज्वारी-उडीद एकत्र दळून केलेल्या कळण्याच्या भाकरीचा खरपूस वास आला की मला अमळनेरजवळच्या खेड्यातलं ते घर आठवतं, जिथे भाषाविज्ञानाच्या प्रबंधासाठी मी अहिराणी वाक्यं गोळा करायला गेलो होतो. मी प्रश्नावलीतलं मराठी वाक्य वाचायचो आणि चुलीपाशी बसलेल्या अक्का भाकरी थापता थापता ते अहिराणीत सांगायच्या. "माझा मुलगा घरी आला," मी वाचलं, आणि त्यांचे हात थांबले. "अक्का, खरं नाही हो, नुसतं वाक्य आहे," म्हणत मी रेकॉर्डर पुढे सरकवला. त्या भिंतीकडे बघत होत्या. तिथल्या तरण्या मुलाच्या फोटोला हार होता, तो मला तेव्हा कुठे दिसला. "उना नही ना भाऊ तो, मंग मी कसं म्हनू?" त्या म्हणाल्या. तव्यावरची भाकरी करपत होती, आणि मी मात्र 'आला'चं 'उना' मिळालं म्हणून घाईघाईने लिहून घेतलं. आता देवपूरच्या कॉलेजात मी दरवर्षी शिकवतो, की भाषाविज्ञान वाक्याला बोलणाऱ्यापासून वेगळं काढून तपासतं, आणि युरोपातले काही तत्त्वज्ञ म्हणतात, ते तसं वेगळं निघतच नाही. मुलं निमूट उतरवून घेतात. अक्कांचं वाक्य माझ्या छापील प्रबंधात अजून आहे, उदाहरण सात.