आई आली की विकेट पडते

अमेरिकेत शिकायला होतो तेव्हापासून मी तिथल्या फुटबॉलच्या एका संघाचा भक्त आहे. नाव फुटबॉल, पण सगळा खेळ हातानं. २०२० मध्ये त्यांचा वीस वर्षं जुना क्वार्टरबॅक, म्हणजे सगळा डाव चालवणारा गडी, संघ सोडून गेला. कोरोनामुळे आणखी काही जुनी मंडळी घरीच थांबली.

त्याच वर्षी बाबा माझ्याकडे आयर्लंडमध्ये कॉर्कला थोडे दिवस म्हणून आले आणि विमानं बंद झाली. आई नाशिकलाच होती. ती तिथंच गेली. बाबांनी तिला शेवटचं पाहिलं ते माझ्या फोनवर, आणि त्यातही मधेच रेंज गेली. मग बाबांचं जेवण सुटलं. विमानं सुरू झाली तरी परतायचं नाव नाही. "तिथं कोण आहे आता?" एवढंच. मी पार हताश झालो होतो.

रविवारी संध्याकाळी मी मॅच लावायचो. बाबा जन्माचे क्रिकेटवाले, तरी शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "तो तुमचा गडी गेल्यावर जमतंय का रे यांना?" झालं! त्या दिवसापासून तो संघ जिंकायलाच हवा होता मला. कसलं काय! मेले हातातोंडाशी आलेल्या मॅच घालवत होते.

आमच्या नाशिकच्या घरी नियम होता, मॅच चालू असताना आईनं हॉलमध्ये यायचं नाही. ती आली की विकेट पडते, असं बाबांनी कधीचंच ठरवून टाकलं होतं. बिचारीनं सगळ्या मॅच स्वयंपाकघरातून ऐकल्या. इथं एका रविवारी आमचा संघ अगदी गोलरेषेपाशी पोचला, शेवटचे काही सेकंद उरले, तेवढ्यात आत कुकरची शिट्टी झाली. बाबा ओरडले, "अगं, इतक्यात बाहेर येऊ नकोस हं!"

कुकर मी लावला होता. संघ हरला. आम्ही दोघं टीव्हीकडे बघत बसलो.

जानेवारीत शेवटची मॅच आली तोवर संघ स्पर्धेतून बाद झाला होता. "आता जिंकले काय नि हरले काय," म्हणत मी चिडून टीव्ही बंद करायला उठलो.

"राहू दे," बाबा म्हणाले. ते सोफ्याच्या कडेला सरकले, शेजारची उशी उचलून मांडीवर घेतली आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत हळूच म्हणाले, "ये, बस आता. हरायचं ते हरून झालं."

मॅच संपेपर्यंत मी उभाच राहिलो.