धोंडुबाईचा पैरा

“देवानं आपलं पाप सोडलं, मग आपण दुसऱ्याचं कशाला धरायचं?” धोंडुबाई हे इतक्यांदा म्हणायची, की कुंडलजवळच्या त्या वाडीत पोरीबाळी तिच्या माघारी नक्कल करत.

नवऱ्यासंगं ती ख्रिस्ती झाली, त्याच साली कुणीतरी तिच्या कडब्याची गंज पेटवली. गंजीजवळ बांधलेला बैल होरपळून मेला. काडी लावणारा होता आकाराम. आपल्याशिवाय हे कुणालाच ठाऊक नाही, असं तो धरून चालला होता.

पुढं महायुद्धाच्या दिवसांत आकारामचा एक बैल साप चावून गेला. शाळवाची पेरणी तोंडावर, रानाला वाफसा आलेला. चार दिवस ऊन लागलं की ओल उडणार, वर्षाची भाकरी जाणार. एकच बैल असलेल्यानं तशाच दुसऱ्याशी पैरा करावा, जोडी जुंपून दोघांची रानं पेरावीत, ही रीत. पण भांडखोर आकारामशी पैरा करणार कोण?

“जुवाला दुसऱ्या बाजूनं तूच मान दे की, गड्या!” शेजारचा नाथाजी बांधावरनं हसला.

तेवढ्यात धोंडुबाई आपला उरलेला एकच बैल घेऊन आली. “जू आण रं.”

आकाराम दोन पावलं मागं सरला. “आक्का, तुमचा बैल नगं. आवं, ती गंज मी पेटवली.”

“ठावं हाय. पळताना बघितलं व्हतं तुला.”

“मग बोलला न्हाईसा कवा?”

“आधी माझं ऐक. तुझं लेकरू देवी येऊन गेलं, तवा मला बरं वाटलं, आकाराम. लय बरं वाटलं. प्रार्थनेला बसले आन् माझीच मला भीती वाटली. रडून येशूच्या पाया पडले. त्यानं पदरात घेतलं. पर तुझ्याकडं मागायचं ऱ्हायलंय. मला माफ कर.”

लेकराचा तोंडवळा आकारामच्या डोळ्यांपुढं आला. रागानं मूठ वळली. आणि समोर ही बाई, जिचा बैल त्यानं जाळला, हात जोडून त्याच्याच तोंडाकडं बघत होती. वळलेली मूठ सुटली. देवळात कधी झुकली नव्हती तशी त्याची मान झुकली.

“केलं, आक्का,” तो कसाबसा म्हणाला. “आन् माझं?”

“तुझं कवाच झालंय. जू आण, ऊन चढतंय.”

नाथाजीचं हसू कधीच मावळलं होतं. बैल जुंपल्यावर तिनं कासरा आकारामच्या हाती दिला, पदर खोचला आणि बांधानं चालू लागली. मागं वळून बघितलं नाही. पेरायच्या पाभरीवर हात ठेवून आकाराम बघत राहिला. ती ओढ्याच्या झाडीआड गेली, तरी त्याला बैल हाकायचं सुचेना.