एक वचन त्यांचं, एक आपलं : वारणेकाठच्या हंगामाच्या सणाला

माझ्या नणंदेचा फोन आला की मी अजूनही उभी राहून बोलते. एस्तेर वन्सं. पंचाहत्तरी ओलांडलेली, लग्न केलं नाही, सगळी नोकरी मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून झाली. कोल्हापूरला कळंब्यात एकट्या राहतात. फोनवर 'कशी आहेस' असं कधी विचारत नाहीत. जेवलीस का, झोप लागते का, पोट साफ होतं का, असा थेट वॉर्डातला राउंड असतो. यंदा दिवाळीनंतर फोन आला तो असा : "रविवारी गावाकडं हंगामाचा सण हाय. शुक्रवारी गाडीत बस."

मी म्हटलं, बघते. त्या म्हणाल्या, बघायचं काय त्यात, गाडी लांबनं दिसतीया.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांत पीक घरात यायला लागलं की पहिला वाटा चर्चमध्ये आणून देवाचे उपकार मानायची पद्धत आहे. भात, ऊस, गूळ, कोंबडी, अंडी, ज्याचं जे असेल ते. उपासना संपली की त्याच वस्तूंचा अंगणात लिलाव होतो. शहरातल्या चर्चमध्येही सण होतो, पण तिथे सगळे भाजीमंडईतून आणतात. खरा बघायचा तर ऊस असलेल्या गावात बघावा.

आता माझं. वन्संचा धाकटा भाऊ प्रभाकर, म्हणजे माझा नवरा, गेल्या वर्षी गेला. मुलगा कॅनडात आहे, पुण्याच्या फ्लॅटमध्ये मी एकटी. लग्न झाल्यापासून रोज संध्याकाळी आम्ही बायबलमधलं एक स्तोत्र मोठ्याने वाचायचो. पहिलं वचन, म्हणजे ओळ, तो, दुसरं मी, तिसरं तो. पहिल्याच दिवशी त्याने सांगितलं होतं, "एक माझं, एक तुझं." माझ्या माहेरी नाशिकला अशी पद्धत नव्हती, त्यामुळे हे त्याने खास माझ्यासाठी काढलंय असं मी धरून चालले होते. भांडण झालेलं असलं तरी वाचन चुकायचं नाही. फक्त त्या दिवशी वचनं जरा आपटून वाचली जायची.

तो गेल्यावर एकदा प्रयत्न केला. त्याची वचनं माझ्याच आवाजात वाचली. बातम्या वाचल्यासारखं वाटलं. पुस्तक मिटलं ते मिटलंच. चर्चला जात होते, पण शेवटच्या बाकावर बसायचे आणि आशीर्वादाआधी सटकायचे, कारण नंतर दारात लोक आपला हात हातात घेऊन सोडतच नाहीत. घरी मात्र प्रार्थना येईना. देवावर राग होता म्हणावं तर तसंही नाही. रागावायलाही समोर कुणीतरी आहे असं वाटावं लागतं, आणि माझ्या घरात कुणीच नव्हतं.

म्हणून गेले. प्रवासाची हौस वगैरे काही नाही. वन्संना नाही म्हणायची हिंमत नव्हती, आणि कोल्हापूरच्या बाजूला अजून प्रभाकरसारखं बोलणारी माणसं आहेत, ती ऐकावीशी वाटत होती.

शुक्रवारी सकाळी स्वारगेटहून एसटी पकडली. बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा खासगी गाडीच्या नादाला लागू नका. खंबाटकीचा घाट, सातारा, कराडला चहा. रस्त्याचं काम जागोजाग चालू आहे, दिलेल्या वेळेत तासभर आपल्याकडून घालावा. कराडच्या पुढे उसाचे ट्रॅक्टर लागतात आणि गाडी त्यांच्या मागे बैलगाडीच्या चालीने जाते. शिरोली एमआयडीसी आली की खिडकीतून फाउंड्रीतल्या जळक्या वाळूचा वास येतो. प्रभाकरची पहिली नोकरी तिथली. सातारा सोडला की तो झोपायचा आणि या वासाने बरोबर जागा व्हायचा. "आलं गाव," म्हणायचा. यावेळी वास आला आणि मी नकळत शेजारी बघितलं. शेजारी कुणी कॉलेजची मुलगी कानात वायर घालून बसली होती.

वन्सं स्टँडवर आल्या होत्या. मला वरपासून खालपर्यंत बघितलं, मनगट धरून बारीक झालीस म्हणाल्या आणि रिक्षात घातलं. स्टँडवरून कळंब्याला रिक्षा करणार असाल तर भाडं आधी ठरवा. नाही ठरवलंत तर सोबत वन्संसारखं माणूस तरी ठेवा. त्यांना त्या भागात सगळे 'सिस्टर' म्हणतात आणि अर्ध्या रिक्षावाल्यांना त्यांनी लहानपणी इंजेक्शनं दिलेली आहेत.

शनिवारी सकाळी मिसळ. कोल्हापुरात कुठली मिसळ चांगली हे लिहून मी दोन गटांच्या शिव्या खाणार नाही. गर्दी बघून शिरावं, पाव मागावा, कट जपून घ्यावा. शंभरच्या आत पोट भरतं. रंकाळ्यावर चक्कर मारली. प्रभाकर असता तर भेळ झालीच असती. एकटीने भेळ खाता येते, त्यात काही अवघड नाही, पण अर्धी संपल्यावर पुडी पुढे कुणाला करायची ते कळत नाही. मी ती तशीच कचऱ्यात टाकली.

दुपारी घोटाळा उघडकीला आला. सणात द्यायला मी पुण्याहून सुक्या मेव्याचा छान डबा आणला होता. वन्संनी तो उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "ह्यातलं तुज्या हातचं काय हाय?" शेत नसलेल्या माणसाने निदान हाताने केलेलं द्यायचं, असा गावातला रिवाज. माझ्याकडे माझ्या हातचं काहीच नव्हतं. वर्षभर मी धड स्वयंपाकच केलेला नाही. एका माणसासाठी काय करायचं, भात टाकला की झालं.

मग खलबत्ता निघाला आणि मला शेंगदाण्याची चटणी कुटायला बसवलं. लसूण, तिखट, मीठ, कुटून कुटून तेल सुटेपर्यंत. ही प्रभाकरची आवडती. हात भरून आले, नाकाडोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिखटाने होतं की कशाने, वन्संनी विचारलं नाही. त्या मिरच्यांचे देठ काढत बसल्या होत्या. संध्याकाळपर्यंत बरणी भरली, आणि बऱ्याच दिवसांनी मला कडकडून भूक लागली.

रविवारी सकाळी वारणानगरची एसटी. तिथून पुढे वडाप, म्हणजे माणसं भरली की सुटणारी जीप. गुडघ्यावर बरणी घेऊन मी उसाच्या फडांमधून गेले. कारखाना सुरू झालेला, हवेला मळीचा आंबूस वास. प्रभाकरचं हे गाव मी पाहिलेलं होतं, पण कायम शनिवारी दुपारचं. रविवारी सकाळी आम्हाला परतीची गाडी धरायची असायची, सोमवारी त्याची ड्यूटी. त्यामुळे गावच्या चर्चमध्ये उपासनेला मी कधी बसलेच नव्हते.

चर्च म्हणजे पत्र्याचं छप्पर, पुढे घंटा, दाराशी चपलांचा ढीग. आत सतरंज्या. डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष. पुढे वेदीपाशी उसाच्या मोळ्या, भाताची पोती, गुळाच्या ढेपी, आणि पाय बांधलेल्या दोन कोंबड्या, ज्यांनी पहिल्या प्रार्थनेत बराच भाग घेतला. 'जय ख्रिस्त, जय ख्रिस्त' म्हणत बायका सरकल्या आणि मला जागा झाली. पेटी, तबला, झांजा लावून गाणी झाली. पाळक तरुण होते, मोटरसायकलवरून तीन गावं सांभाळतात. त्यांनी स्तोत्राचा क्रमांक सांगितला आणि चक्क खाली बसले.

आणि पुरुषांच्या बाजूने पहिलं वचन आलं.

पाळक नव्हे, सगळे पुरुष मिळून. म्हातारे शेतकरी, कारखान्यातले, शिरोलीला जाणारी पोरं. 'ण'चा सरळ 'न' करत, शेवटचा शब्द जरा ओढत. प्रभाकर पुण्यात इतकी वर्षं राहून तस्साच वाचायचा आणि मी त्याला चिडवायचे. ते वचन संपलं आणि बायकांनी दुसरं घेतलं. मग पुन्हा पुरुष. एक त्यांचं, एक आपलं.

मला आधी काय वाटलं ते सांगते, खोटं कशाला बोलू. माझी चोरी झाल्यासारखं वाटलं. जे मी इतकी वर्षं फक्त आमच्या दोघांचं म्हणून जपलं होतं, ते या गावात आजोबा-पणजोबांपासून दर रविवारी चाललं होतं. तो घरी माझ्यासोबत त्याच्या गावचं चर्च भरवत होता आणि मला पत्ताही नव्हता. वाचणं सोडून मी नुसती ऐकत बसले, कारण तिकडे उजवीकडे तो आवाज होता. त्याचा नव्हता, पण त्याचा जिथून आला होता तो होता. मला मान वळवून बघायचं होतं आणि बघायची भीती वाटत होती.

शेजारच्या बाईने मला कोपराने ढोसलं. हिरव्या लुगड्यातली, उन्हाने रापलेली बाई, नाव शेवटपर्यंत विचारायचं राहिलं. तिने तिचं बोट माझ्या पुस्तकात ओळीवर ठेवलं आणि हळूच म्हणाली, "आता आपलं."

मी वाचलं. पहिल्या दोन शब्दांना आवाज फुटलाच नाही, तिसऱ्याला फुटला. पुढचं वचन त्यांनी घेतलं, त्याच्या पुढचं आम्ही. स्तोत्र संपेपर्यंत ती बाई माझ्याकडे न बघता बोट खाली खाली सरकवत राहिली. वर्षभरानंतर मी एक आख्खं स्तोत्र पार केलं होतं, आणि देवाला सांगायचं जे काही साठलं होतं ते त्या वचनांतूनच जरासं बाहेर पडलं. वेगळे शब्द मला लागले नाहीत.

नंतरचा लिलाव म्हणजे निव्वळ करमणूक. बोली पुकारणारे काका प्रत्येक वस्तूची अब्रू काढत होते. माझी बरणी वर धरून म्हणाले, "पुन्याच्या वैनींची चटनी हाय. गोड निघाली तर मंडळी जबाबदार न्हाय." घेणारा पुन्हा तीच वस्तू देवाला परत देतो आणि ती पुन्हा विकली जाते, त्यामुळे माझी चटणी तीनदा विकली गेली. शेवटी एका म्हाताऱ्यांनी तिथेच झाकण उघडून चाखली, बराच वेळ विचार केला आणि "चालतंय" म्हणाले. कोल्हापुरात यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्रक मिळत नाही. मी गुळाची एक ढेप घेतली. जेवण तिथेच, पंगतीत, मटण आणि भात. पाहुण्यांनी जेवल्याशिवाय निघण्याचा विचारही करू नये.

संध्याकाळी कळंबा तलावाच्या बांधावर आम्ही दोघी बसलो होतो. पाणी भरपूर होतं, लोक फिरायला आले होते. मी वन्संना विचारलं, तुम्ही घरी एकट्या कशा वाचता? लग्न होऊन आले तेव्हा कोल्हापूरच्या बायका 'मी आलो, मी गेलो' म्हणतात याचं मला फार हसू यायचं. त्या तशाच बोलल्या.

"मी बायकांचं तेवडं वाचतो. बापय मानसांचं त्यो वाचतोय."

"तो म्हणजे कोण?"

"कोन म्हंजे? ज्याची वचनं हायत त्यो. त्याच्या वक्ताला मी गप बसतो."

मग ऐकू येतं का काही, मी विचारलं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"न्हाय. रोज कुटलं ऐकू येतंय." त्या पाण्याकडे बघत होत्या. "वॉर्डात बेशुद्ध पेशंटसंगट मी बोलायचो की. उत्तर देत न्हाय म्हनून कोन बोलायचं थांबतंय व्हय?"

थोड्या वेळाने त्या आपणहून म्हणाल्या, लहानपणी घरात प्रभाकर पुरुषांचं वाचायचा आणि त्या बायकांचं. मग तो शिकायला गेला, नोकरीला गेला, लग्न करून पुण्याचाच झाला. "आदी मी त्याच्या आवाजाची वाट बगायचो," वन्सं म्हणाल्या. "लई वर्सं बगितली. मग कवा तरी देवाची बगाय लागलो. तवापास्नं घर एवडं खाया उठत न्हाय."

ज्या आवाजाविना मी एक वर्ष काढलं होतं, त्याच्याविना त्यांनी सगळं आयुष्य काढलं होतं, आणि त्या सगळ्या वर्षांत तो माझ्या घरी होता. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी तो सवयीने उलटा करून नाडी बघितली.

सोमवारी दुपारपर्यंत मी पुण्यात. तुम्हाला जायचं असेल तर दिवाळीनंतर कुणा ओळखीच्या ख्रिस्ती घरी विचारून ठेवा, प्रत्येक गावचा रविवार वेगळा असतो. आमंत्रण लागत नाही, हाताने केलेलं काहीतरी मात्र न्या. चपला ओळखू येतील अशा घाला. गूळ घ्याच.

माझा एकटेपणा काही वारणेत सोडून आले नाही. कुलूप उघडलं तर घर तितकंच रिकामं होतं. पिशवी ठेवली, चहा केला, एक कप जास्तीचं दूध घातलं गेलं ते तसंच पिऊन टाकलं. प्रभाकरची आठवण कमी झाली का, तर नाही. उलट आता तो आवाज नेमका कुठून आला होता हे कळल्यामुळे जास्तच येते. पण तिन्हीसांजेला दिवा लावून मी टेबलाशी बसले आणि स्तोत्र उघडलं.

पहिलं वचन पुरुषांचं होतं, म्हणून मी गप्प बसले. खाली कुणीतरी स्कूटर लावत होतं, पंखा फिरत होता. मी ते वचन मनातसुद्धा वाचलं नाही, ते माझं नव्हतं. जितका वेळ वाचायला लागतो तितका दिला, वर थोडा शेवटचा शब्द ओढायला. मग मी माझं वाचलं.