नीलम्माची बोटभर फौज

नीलम्माच्या घरात करणीच्या बाहुल्या सापडल्या, हे मला गिरणीत कळलं. दळण घ्यायला गेले होते. सांगणारीने आवाज इतका खाली आणला की पट्ट्याच्या घरघरीत मला दोनदा विचारावं लागलं. कोण नीलम्मा? मुखवटेवाली. कसल्या बाहुल्या? बोटभर उंचीच्या, हातात तलवारी, गळ्यात कवट्या, आणि प्रत्येकीच्या बुडाला गल्लीतल्या माणसाचं नाव. पीठ तिथेच सोडून मी निघाले. त्या बाहुल्या मला ठाऊक होत्या. त्यांतल्या निम्म्या मीच चालवत होते.

मी घाबरले होते, हे आधीच लिहून टाकते. उदगीरच्या कॉलेजात तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, भानामतीविरुद्ध व्याख्यानं दिली, टाळ्या घेतल्या. पण सात वर्षांची असताना आमच्या गावात मी एक बाई पाहिली होती. मंत्र म्हणता येऊ नये म्हणून तिचे पुढचे दात दगडाने पाडले होते. तोंडाला लावलेला पदर तिने पुढे मरेपर्यंत काढला नाही. आता कायदा आहे. पण कायद्याला गल्लीत पोचायला वेळ लागतो, दगड गल्लीतच असतो. आणि चौसष्टाव्या वर्षी नीलम्माचे सगळे दात शाबूत आहेत. अजून ऊस सोलून खाते.

नीलम्मा कोण, ते सांगते. किल्ल्याकडे जाणाऱ्या गल्लीत दोन खोल्या, मूलबाळ नाही. नवरा स्टेशनवर पुस्तकांचा गाडा लावायचा आणि ही महालक्ष्म्यांचे मुखवटे रंगवायची. अजूनही रंगवते. गौरी बसायच्या आधी महिनाभर अर्ध्या उदगीरचे मुखवटे तिच्याकडे येतात. डोळे सर्वांत शेवटी, आंघोळ करून, श्वास रोखून. तिने काढलेले डोळे बघणाऱ्याच्या मागे फिरतात असं बायका म्हणतात. पूर्वी हे कौतुकाने म्हणायच्या.

नवरा हैदराबादहून जुनी इंग्रजी पुस्तकं किलोवर आणायचा. त्यांतली दोन पोती कधीच खपली नाहीत. मुखपृष्ठावरच्या चित्रात उघडा पैलवान, हातात तलवार, खांबाला विळखा घातलेला साप, मागे काळा मनोरा. उदगिरात कोण घेणार? तो वारला, पोती राहिली. मग दुपारी ती रंगवायची आणि मी शेजारी बसून ती पुस्तकं वाचायचे आणि मराठीत सांगायचे. साहित्य म्हणून त्यात दम नाही, हे मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ती म्हणाली, "अक्का, तुमचं साहित्य राहू द्या. पुढं सांगा."

तिला त्यात काय आवडलं, तेही तिनेच सांगितलं. त्यातला नायक राजपुत्र नसतो. पोटासाठी लढतो, चोरीही करतो. जादू म्हणजे वरदान नसून घाण असते, करणाऱ्याला ती आतून खाते. "आणि देव येऊन वाचवत न्हाई, अक्का. ज्याचं त्यानं बघायचं."

तीन वर्षांपूर्वी तिची भाची शिवानी हैदराबादहून एक खोका घेऊन आली. टेबलावर मांडायची लढाई: शिपाई, राक्षस, मांत्रिक, फासे आणि नियमांचं पुस्तक. शिवानी एकेक नियम वाचू लागली. नायक एकटा वीस शिपायांना भारी. मांत्रिकाने मंत्र टाकला की त्याचीच ताकद घटते. राक्षस समोर आला की तुकडीने धीराचा फासा टाकायचा, कमी पडला तर पळायचं. पुढारी वीतभर अंतरात असला तर मात्र तुकडी पळत नाही. नीलम्माने कुंचला खाली ठेवला. "हे फौजवाल्यानं केलेलं न्हाई. फौजेत एक माणूस विसांना भारी नसतो. हे आमचीच पुस्तकं वाचणाऱ्यानं केलंय."

शिवानी म्हणाली, खरंच तसं झालं. आधी टेबलावर खऱ्या इतिहासातल्या लढाया मांडायचे. रांगा, तोफा, एक बाहुली म्हणजे वीस माणसं. मग असल्या गोष्टींनी वेडावलेल्या खेळाडूंनी त्यात एकटा तलवारबाज घुसवला, मांत्रिक घुसवला, अजगर घुसवला, आणि खेळच पालटला. इंग्रजीची प्राध्यापक मी, आणि हे ओळखलं मुखवटेवालीने. राग आला थोडा.

शिवानी गेली, आम्ही दोघी खेळत राहिलो. नीलम्माने शाडूच्या पन्नास बाहुल्या केल्या, बाटल्यांच्या बुचांवर उभ्या केल्या. बाहुली किती पुढे सरकवायची, ते शिंप्याच्या टेपने मोजायचं. आणि इथे चूक झाली. परदेशी नावं तिच्या जिभेवर बसेनात, म्हणून तिने गल्लीची नावं दिली. वहीत लढाई लिहायची: अमका पळाला, तमका मेला. मी हसले होते. मी थांबवायला हवं होतं, मला अक्कल होती.

समोरच्या घरात भीमा राहतो. रेणापूरकडचा शेतकरी, मुलांच्या शाळेसाठी इथे आलेला. त्याची बायको तुळजाबाई मंगळवारी मुखवटे द्यायला आली. नीलम्मा चहाला आत गेली, तोवर तिने टेबल पाहिलं. आदल्या दिवशी भीमाची बाहुली पडून पाय तुटले होते आणि वहीत लिहिलं होतं: भीमा, पाय गेले. तुळजाबाई तेव्हा हसली. म्हणाली, "आमचे हे कुठं लढतात? बाजेवरून उठत न्हाईत."

गुरुवारी सकाळी भीमा अंगणात कोसळला. उजवा हात, उजवा पाय लुळा.

दोन दिवस त्याला घरात ठेवून लिंबं कापली. त्याचा धाकटा भाऊ श्रीमंत याने कुठून तरी करणी ओळखणारा एक जाणता आणला. जाणत्याने विचारलं, घराच्या आसपास डोळे घडवणारी बाई आहे का.

मी नीलम्माकडे पोचले तेव्हा दार उघडं होतं, ती मुखवटा घासत बसली होती. मी ठाण्यात फोन केला. येतो म्हणाले, अर्धा-पाऊण तास लागेल.

"बाहुल्या लपव," मी म्हणाले.

"त्यांनी बघितल्यात की. लपवल्या तर खरंच केलं म्हणतील." तिचे ओठ पांढरे पडले होते. "अक्का, ते दात पाडतात ना?"

मी पुन्हा ठाण्याचा नंबर लावला. खोटं मला सुचत नाही, आणि खरं बोलवेना.

पंधरा जण आले. भर दुपार, त्यामुळे प्रत्येकाचा चेहरा दिसत होता आणि प्रत्येकजण ओळखीचा होता. दोघे तर माझे विद्यार्थी. मागे तुळजाबाई. पुढे श्रीमंत, त्याच्या मुठीत काहीतरी होतं. मी मुठीकडेच बघत होते.

"मॅडम, तुम्ही बाजूला व्हा."

"श्रीमंत, तो खेळ आहे. पुस्तकातून आलेला. मीही खेळते."

"खेळ? माझ्या भावाचे पाय मोडून खेळ करायली व्हय म्हातारी? मागं घे म्हणावं. आत्ता."

मी वही उचलली. "वाच. नीलम्मा मेली, अकरा वेळा. मी मेले, नऊ वेळा. वहीने माणूस मरत असता तर तुझ्याशी बोलतंय कोण?" मागे कुणीतरी पुटपुटलं, खरं हाय की. मला जोर आला आणि मी गाढवपणा केला. "आणि हे बघ, श्रीमंत पळाला. सात वेळा."

दोघे-तिघे हसले. श्रीमंतचा चेहरा काळा झाला. तो उंबरा ओलांडून आत आला आणि मूठ उघडली. वरवंट्याएवढा दगड नव्हता, साधा गोटा होता. दातांना तेवढा पुरतो.

नीलम्मा माझ्या मागे सरकली आणि कानाशी म्हणाली, "अक्का, पुढारी हलवा."

"काय?"

"धीर त्याच्यापाशी हाय. तो वीतभर अंतरावर हाय तवर हे हटणार न्हाईत. त्याला दुसरीकडं न्या, मग एकेकाचा फासा पडंल."

"नीलम्मा, हा खेळ नाही."

"खेळ माणसांवरनंच केलाय की कुणीतरी."

मग ती माझ्या पुढे आली. श्रीमंतकडे बघितलंही नाही. त्याच्या खांद्यावरून दारातल्या तुळजाबाईला म्हणाली, "तुळजे, भीमाचं पान वाच."

तुळजाबाई जागची हलली नाही. मीच वाचलं. भीमा एकटा दरवाजा धरून उभा. वीस अडवले. भीमा पुन्हा दरवाज्यात. भीमा हटला नाही. पानभर तेच.

"माझा मालक पडला तेव्हा तुझ्या नवऱ्यानं पाठीवर घेऊन दवाखान्यात नेला," नीलम्मा म्हणाली. "म्हणून त्याला नायक केला. त्याचे पाय मी कशाला मोडू?"

"मग जोड," तुळजाबाई म्हणाली. "बाहुलीचे पाय जोड. आत्ता, माझ्यासमोर."

जोडले आणि भीमा उठला, तर हिच्याच हातात होतं म्हणतील. जोडले आणि नाही उठला, तर मुद्दाम नीट जोडले नाहीत म्हणतील. दोन्हीकडून दात जाणार. नीलम्मालाही ते कळत होतं.

"न्हाई जोडत," ती म्हणाली. "माझ्या हातात ते न्हाईच. त्यानं माझ्या माणसाला पाठीवर घेतलं. त्याला कोण घेणार? तुम्ही दोन दिवस लिंबं कापत बसलाव."

मी संधी सोडली नाही. "मेंदूत रक्ताची गाठ असेल. लातूरला न्या, आत्ता. प्रत्येक तास जातोय. तुळजाबाई, जीप सांगा. श्रीमंत, भाऊ उचल. की दगडच उचलता येतो?"

श्रीमंत माझ्याकडे बघत राहिला. तुळजाबाईने त्याच्याकडे बघितलं. एवढंच. मग ती वळून चालू लागली. श्रीमंतने गोटा टाकला, उंबऱ्यापाशी, माझ्या पायाजवळ, आणि तिच्या मागे गेला. दारातले बारा-तेरा जण एकमेकांकडे बघू लागले. आधी माझे दोन विद्यार्थी गेले. मग बाकीचे, एकेक. पोलिसांची गाडी आली तेव्हा दारात कुत्रं बसलं होतं.

नीलम्मा जमिनीवर बसली आणि तोंडात बोट घालून दात चाचपू लागली. एकेक, मोजल्यासारखे.

भीमा वाचला. आणायला उशीर केला म्हणून लातूरच्या डॉक्टरांनी घरच्यांना झापलं, ते बरं झालं. काठी घेऊन चालतो, हात अजून उचलत नाही. श्रीमंत आमच्याशी बोलत नाही.

त्या वर्षी गौरींना फार थोडे मुखवटे आले. जे आधी आले होते, त्यांतलेही परत मागितले. तुळजाबाई मात्र आली. पाटावर बसली. "डोळे काढ. पण माझ्यासमोर." नीलम्मा आता तोंडापुढे पदर धरून बोलते, तिला कुणी सांगितलेलं नाही. तिने श्वास रोखला, कुंचला टेकवला, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा धाकट्या गौरीचा डावा डोळा किंचित वाकडा गेला. तुळजाबाईने तो बघितला. मुखवटा पदरात घेतला.

दारात थांबून तिने विचारलं, "ते यांचं बाहुलं हाय का?"

"हाय."

"पाय जोडलेस?"

"न्हाई."

"जोडू नको." तिने चप्पल पायात सरकवली. "टाकूबी नको. जपून ठेव."

तेव्हापासून ती बाहुली माझ्याकडे आहे. नीलम्माच्या घरी नको, असं आम्ही दोघींनी ठरवलं. कापसात गुंडाळून, पुस्तकांच्या मागे ठेवली आहे. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, कधीच नव्हता. कामवालीला मात्र ते कपाट झाडू देत नाही. मी स्वतः झाडते. त्याआधी बाहुली उचलून बाजूला ठेवते, दोन्ही हातांनी, हळू.