विंगेतले खाजाभाई

खाजाभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी कनेरगाव नाक्यावर चहा पीत बसलो होतो. त्यांच्या मुलाने एवढंच सांगितलं, "अब्बा गेले, मास्तर. मशीनवर बसल्या बसल्या..." खाजाभाई वसमतचे शिंपी, पण आमच्यासाठी ते तीस उन्हाळे विंगेत बसून नटांना विसरलेली वाक्यं सांगणारे प्रॉम्प्टर होते. चहा तसाच ठेवून मी एसटी पकडली, आणि वसमतपर्यंत डोक्यात एकच विचार होता, की नाटकं तीन आठवड्यांवर आलीत, आता मी बोलणार कसा? माणूस गेला होता आणि मला माझी पडली होती. सांगायला लाज वाटते, पण खरं तेच आहे.

आमच्या गावचं थिएटर म्हणजे हळद वाळवायचं खळं. वैशाखापर्यंत हळद बाजारात जाते, खळं मोकळं होतं, आणि मग आठ दिवस आठ जुनी नाटकं, तीही उजाडता उजाडता. एका वर्षी संध्याकाळच्या नाटकात ऐन दुसऱ्या अंकात वीज गेली. उरलेलं नाटक लोकांनी दुसऱ्या दिवशी सकाळी करून मागितलं आणि तेव्हापासून सकाळ ठरली ती ठरलीच. ऊन तापायच्या आत राजा मरायचा किंवा लग्न लागायचं आणि लोक आपापल्या कामाला जायचे. आम्हा नटांचे तळवे हळदीने पिवळे होत, ते महिनाभर सुटत नसत. या आठही नाटकांतलं प्रत्येक पात्राचं प्रत्येक वाक्य खाजाभाईंना तोंडपाठ होतं. वर्षानुवर्षं वही त्यांनी हातात धरली नव्हती. शाळेत ते चौथीपर्यंतच गेलेले, आणि मी मराठीचा मास्तर असून मला एक स्वगत धड राहायचं नाही. एका माणसाच्या डोक्यात एवढं मावतं कसं, हे कोडं मला शेवटपर्यंत सुटलं नाही.

चार वर्षांपूर्वी मात्र घोटाळा झाला. मी राजा, शत्रू वेशीपर्यंत आलेला, आणि सेनापतीला हुकूम द्यायच्या जागी मी नेहमीप्रमाणे अडलो. खाजाभाईंनी आदल्या दिवशीच्या नाटकातलं वाक्य दिलं आणि मी तलवार उपसून गरजलो, "अक्षता आणा, मुहूर्त टळतोय." खळं हसून हसून लोळलं. नाटक संपल्यावर खाजाभाई कडुनिंबाखाली मान घालून बसलेले दिसले. मी जवळ जाऊन टेकलो.

"तुमाला तर म्हाईत व्हतं ना मास्तर, चूक हाय म्हणून," ते म्हणाले. "मग काहून बोललात?"

"तुम्ही सांगितलंत म्हणून."

त्यांनी खाली पडलेली कडुनिंबाची काडी उचलून मोडली. मग म्हणाले, "त्याचंच तर भेव हाय. माझ्या डोक्यातून सगळं निसटून राहिलं... मी गेलो म्हंजी ह्ये बी गेलं."

मला वाटलं, आता हा माणूस परत विंगेत बसत नाही. दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आधी ते हजर होते. डोळ्यांवर चष्मा, मांडीवर वही, आणि ओळीवरून सरकणारं बोट. ज्यांच्या पाठांतराचे दाखले आम्ही पोरांना द्यायचो, ते सगळ्यांदेखत अक्षर अक्षर लावून वाचत होते. पुढे शेवटपर्यंत त्यांनी वही सोडली नाही. अंगावर राजाचा पोशाख होता म्हणून, नाहीतर त्या दिवशी मी त्यांच्या पायाच पडलो असतो.

यंदा विंगेत माझी पुतणी वही घेऊन बसली. तिसऱ्या दिवशी तेच नाटक लागलं, तोच हुकूम आला आणि मी कोरा. वाऱ्याने वहीची पानं उलटली होती, पोरीला जागा सापडेना. मी विंगेकडे बघत राहिलो... तेवढ्यात समोरून, पहिल्या रांगेतून आवाज आला. "वेशी लावा. बाहेर एकही लेकरू राहता कामा नये." तांड्यावरच्या गुणाबाई बोलत होत्या. खाजाभाईंचाच तो दबका सूर, शेवटचा शब्द तसाच किंचित लांबवलेला. पुढचं वाक्य त्यांच्या शेजारणीने दिलं, त्याच्या पुढचं तिसरीने, आणि मी त्यांच्यामागून बोलत गेलो.

नाटक संपल्यावर मी गुणाबाईंना गाठलं. त्यांना अक्षरओळख नाही. हे सगळं पाठ कसं, असं विचारल्यावर त्यांना माझ्याच प्रश्नाचं नवल वाटलं.

"आमी पुढं बसतो न्हाई का," त्या म्हणाल्या. "आमाला पयलं खाजाभाईचंच ऐकू यायचं, मास्तर. तुमचं मागून."