आईचं मनगट आणि अकराचं ऊन

नांदगाव खंडेश्वरजवळ आमची फुलं-भाजीची थोडी शेती होती. एका सकाळी शेवंतीची टोपली घेऊन आई बांधावरून घसरली, तिनं हात टेकला आणि मनगट मोडलं. एवढ्याशा पडण्यानं. शेतीची ती वर्षं वाईट होती. कोणत्या घरातल्या शेतकऱ्यानं जीव दिला, हेच गावात कानावर यायचं. त्यात आईची कंबर वर्षभर दुखतेय, हे कोण बोलणार?

अमरावतीच्या डॉक्टरबाईंनी प्लास्टर घातलं, रक्त तपासलं, पाळी कधी थांबली ते विचारलं. त्यानंतर हाडं ठिसूळ होतात, म्हणाल्या. कॅल्शियमची गोळी जेवणानंतर रोज, ड जीवनसत्त्वाची पुडी मात्र आठवड्यातून एकदाच, दुधातून.

"मी तं दिवसभर वावरातच रायतो," आई म्हणाली. "मले उनाची कमी कावून?"

डॉक्टरबाईंनी तिच्या डोक्यावरचा रुमाल पाहिला, लुगड्यावर चढवलेला बाबांचा पूर्ण बाह्यांचा शर्ट पाहिला. "ऊन शर्टाला लागतं, तुम्हाला कुठे?"

शेजारच्या मुस्लिम मावशी, आमच्या खाला, घरात बसून रजया शिवायच्या. त्यांचे गुडघे धरायचे. आईनं आपल्या अर्ध्या गोळ्या त्यांच्या पदरात टाकल्या. मी त्या परत घेतल्या आणि खालांनाच अमरावतीला नेलं. बरं झालं. त्यांना पूर्वी मुतखडा झाला होता, आणि अशांनी न विचारता कॅल्शियम घेणं धोक्याचं. डॉक्टरबाईंनी आधी तपासण्या केल्या, मग त्यांच्यापुरतं वेगळं औषध दिलं.

त्या हिवाळ्यात अकरा वाजता दोघी आमच्या गच्चीवर चढायच्या. मी दोरीवर चादरी टाकून आडोसा करायची. बाह्या वर, पाय गुडघ्यापर्यंत उघडे. चादरी हलायच्या, उजेड त्यांच्या अंगावरून पाण्यासारखा सरकायचा. कुठूनतरी हरभऱ्याचा आंबूस वास यायचा आणि बोलता बोलता दोघींचे डोळे मिटायचे.

"वाळवणाचे पापड झालो आपण," आई पुटपुटली.

"पापड मत बोल," खाला डोळे न उघडता म्हणाल्या, "वो टूटते."

प्लास्टर निघालं. मनगट किंचित वाकडं राहिलं, पण उन्हाळ्यापर्यंत आई पुन्हा टोपली उचलू लागली. खाला पुढे लेकीकडे अकोल्याला गेल्या.

त्यानंतरच्या थंडीत आईनं मला गच्चीवर बोलावलं. पाळी थांबली तेव्हा आपल्याला काही मोठा आजार झालाय असं वाटून ती वर्षभर गप्प राहिली होती, हे तिनं तेव्हा सांगितलं. "कोनाले विचारू, समजेना," म्हणाली. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून ऐकत राहिले.