लग्नाचं लुगडं आणि उजेडाची पेटी

आमच्या गल्लीतल्या समाजभवनात जुने कपडे ओळखून वेगळे करणारी मशीन आली, तेव्हा बचत गटातल्या बाकीच्या बाया तिला हात लावून बघत होत्या. मी लांबच उभी होते. चिंध्यांसाठी एवढी भारी पेटी कोण कशाला पाठवेल? कुठेतरी पाणी मुरत असणार.

नागपूरहून आलेली इंजिनियर मुलगी समजावत होती. कापडावर डोळ्यांना न दिसणारा उजेड पडतो, त्यातला परत येणारा उजेड वाचून मशीन सुती, लोकर, पॉलिस्टर ओळखते. मग ज्याचा त्याचा पुन्हा धागा करता येतो. आमचा कोसा, म्हणजे रानातल्या कोशांचं रेशीम, मात्र मशीनला अजून ठाऊक नव्हता.

"काकू, मशीन लेकरासारखी आहे. आपण सांगू तेच शिकते. पक्कं माहीत असलेलं कापड आणा," ती म्हणाली.

इथेच ती फसली. आमची गल्ली विणकरांची. कोणालाही विचारा, आपल्या मागावर शुद्ध कोसाच चढतो, भेसळ असते ती शेजारच्याच्या मागावर. सगळ्यांनी आपापल्या घरचे तुकडे आणले, छातीठोकपणे 'शुद्ध कोसा' सांगितलं, आणि मुलीने तशा चिठ्ठ्या लावल्या.

माझ्या सासरी किराण्याचं दुकान, माग नाही. म्हणून मी लग्नाचं लुगडं नेलं. लेकीच्या लग्नाचं लुगडं बापाने स्वतः विणायचं, ही याच गल्लीतल्या माझ्या माहेरची रीत. बाबांचा माग आता धाकटा भाऊ चालवतो. अड्याळच्या व्यापाऱ्यासाठी बाबांनी विणलेलं शेवटचं उपरणं ते गेल्यावर घरातच राहिलं होतं, ते त्याने आणलं. बाबा म्हणायचे, "माह्या मागावर मिसळीचा धागा चढन, त्या दिवशी माग चुलीत घालीन." त्या एका वाक्यावर मी सासरी ताठ मानेने जगले.

काही दिवसांनी मुलगी परत आली ती गोंधळून. गल्लीतला सगळा कोसा मशीनने एकसारखा मानला होता, एक कापड सोडून.

"काकू, तुमचंच वेगळं येऊन राहिलं."

बायांनी एकमेकींकडे बघितलं. एक तर हसलीच. मी आधी मशीनवर संशय घेतला, मग मुलीवर. घरी जाईपर्यंत तो बाबांवर येऊन ठेपला. मलाच खोटं दिलं असेल का? हा विचार मनात आला म्हणून मला माझाच राग आला.

दुसऱ्या दिवशी काडीपेटी घेऊन गेले. सगळ्यांसमोर लुगड्याच्या पदराचा धागा काढून पेटवला. केस जळाल्याचा वास आला आणि राख बोटात चुरली. खरा कोसा. आता एकेकीला दाखवतेच, असं ठरवून मी आधी आमचं उपरणं ओढलं. खऱ्याच्या शेजारी आणखी एक खरं असावं म्हणून.

शेजारी उभ्या भावाने मनगट धरलं. "राहू दे, बाई."

"काहून?"

मी हात सोडवून धागा पेटवला. तो पॉलिस्टरसारखा वितळला आणि त्याची कडक काळी गोळी झाली.

भाऊ मला पायरीवर घेऊन गेला. "तुया लुगड्याचा धागा तेवढा बाबानं येगळा आणला होता. बाकी सारी मिसळच. मीच तं त्या धाग्याच्या कांड्या भरत होतो."

"मले काहून नाही सांगितलं?"

"बाबानंच मना केलं होतं."

दूधवाल्यापासून नवऱ्यापर्यंत मी सगळ्यांवर संशय घेतला. बाबांवर कालपर्यंत कधी घेतला नव्हता. त्यांनी मला खरं दिलं होतं, आणि ते देता यावं म्हणून घर खोट्यावर चालवलं होतं. लुगडं छातीशी धरावं की फेकून द्यावं, मला कळेना. दोन्ही करावंसं वाटत होतं.

आत मुलगी कोऱ्या चिठ्ठ्या घेऊन थांबली होती. मशीनने त्यांचे तुकडे आमच्या उपरण्यासारखेच मानले होते; बाया आता हसत नव्हत्या. मी गप्प राहिले असते तर जुन्याच चिठ्ठ्या राहिल्या असत्या: मशीनच्या लेखी माझ्या एकटीचं लुगडं खोटं ठरलं असतं, गल्लीतल्या सगळ्या मागांसोबत बाबांच्या मागाचं नाव राहिलं असतं. भाऊ दारातून माझ्याकडे बघत होता.

"लुगड्यावर कोसा लिही," मी म्हणाले. "उपरण्यावर मिसळ. बाकीच्याइचं त्याइले विचार."

भाऊ निघून गेला.

"दोन्ही विणली कोणी?" मुलीने लिहिता लिहिता विचारलं.

"एकाच माणसानं," मी म्हणाले. "माह्या बाबानं."